रोटर कुठे थांबतो ते आधी बघ

अगं, काल फोनवर तुझा रडवेला आवाज ऐकला आणि रात्री नीट झोप लागली नाही. प्लॅनिंगला लागून तीन महिने होत नाहीत तोच पंपाचं सगळं राउटिंग तुझ्या गळ्यात! घाबरू नकोस. मीही यातूनच गेलेय.

स्क्रीन राहू दे, आधी शॉपवर जा. रोटरच्या मागोमाग चल. शाफ्ट, इम्पेलर, नट जोडून, बॅलन्सिंग होऊन तो कुठे जातो? रॅकवर जात असेल, स्टोअरवाले मोजत असतील, स्पेअर म्हणून विकला जात असेल, तर त्याला स्वतःचा कोड, स्वतःचं राउटिंग आणि स्वतःची ऑर्डर हवीच. पण तो न थांबता पंपाच्या टेबलावर जात असेल, तर फँटम कर, म्हणजे त्याची वेगळी ऑर्डर निघणार नाही. नाहीतर रोज उगाच ऑर्डर उघडा, बंद करा, आणि एक जरी नोंद राहिली तरी रॅकवर नसलेले रोटर स्टॉकमध्ये दिसत राहतात.

फँटम केलंस की मात्र एक गोष्ट जप. माझ्या हातून नेमकी तीच सुटली होती. फँटमखालचा माल पंपाच्या ऑर्डरमध्ये येतो, पण बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये त्याची ऑपरेशन्स येत नाहीत. माझ्या प्लॅनमध्ये बॅलन्सिंग मशीन रिकामं, आणि शॉपवर त्याच मशीनपुढे ट्रॉल्यांची रांग. तिथले काका म्हणाले, "ताई, तुमच्या प्लॅनमध्ये आम्ही नाहीच का?" अजून आठवलं की पोटात कालवतं. म्हणून बॅलन्सिंग पंपाच्याच राउटिंगमध्ये, पंपाच्या जोडणीच्या आधी, आठवणीने घाल.

राउटिंगमध्ये वेळा भरताना मशीनच्या सेटिंगचा वेळ वेगळ्या रकान्यात भर. सेटिंग 30 मिनिटं आणि नगामागे 6, म्हणजे 50 नगांना साडेपाच तास. दोन्ही मिळवून नगामागे 36 टाकलेस तर तेच 30 तास होतात.

रोटरला वेगळी ऑर्डर ठेवलीस, तर त्याचा लीड टाइम कोरा सोडू नकोस. राउटिंग भरलं म्हणून आयटम मास्टरमधला लीड टाइम आपोआप बदलतोच असं नाही. पंप 20 तारखेला हवा आणि जोडणीला 2 दिवस, तर रोटर 18 ला हातात पाहिजे. त्याला 3 दिवस लागत असतील तर 15 ला सुरुवात. लीड टाइम शून्य राहिला, तर सॉफ्टवेअर 18 ला सुरू करून 18 लाच रोटर मागतं. आणि त्या 3 दिवसांत काम थोडंच असतं गं, बाकी वेळ रोटर पाळी येण्याची वाट बघत पडलेला असतो. तो वेळही लीड टाइममध्ये धर.

रोटरसारख्या सगळ्या सबअसेंब्ली एकदम उघडू नकोस. सोमवारी फक्त रोटर घे, काकांना शेजारी बसवून वेळा लिही आणि संध्याकाळी मला फोन कर. मी वाट बघते.