फेरीचा वेळ व न्याय्य तुलना



मधल्या सुट्टींत शाळेच्या आवारांत चालणारे वाद शिक्षकाच्या कानांवर पडल्यावांचून राहत नाहींत. पूर्वीं ते बहुधा क्रिकेटविषयीं असत. अलीकडे त्यांत मोटारगाड्यांच्या शर्यतीच्या व्हिडिओ गेमची भर पडली आहे. गेल्या पावसाळ्यांत नववींतील दोघां मित्रांमध्यें असाच एक वाद झाला. एकाचें म्हणणें, "माझ्या गाडीनें एक मिनिट चौतीस सेकंदांत फेरी पुरी केली, तुझी गाडी इतकी वेगवान असणें शक्यच नाहीं." दुसऱ्याचें म्हणणें, "त्याच मार्गावर माझ्या गाडीस दोन सेकंद कमी लागले." पहिल्यानें दुसऱ्यास खोटारडा म्हटलें, आणि बालवर्गापासूनची मैत्री आठ दिवस मोडून पडली. अखेर दोघेही मजकडे निवाड्यास आले. चौकशीअंतीं असें आढळलें कीं, दोघेही खरेंच बोलत होते. दुसऱ्यानें आपल्या गाडीस मऊ रबराचे, रस्त्यास घट्ट धरणारे टायर लावले होते व पहिल्यानें ते लावले नव्हते. खऱ्या मुलास खोटा ठरविण्यास एक अपुरें मोजमाप पुरेसें झालें, ही गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटली. म्हणून हा लेख.

फेरीचा वेळ म्हणजे काय?

शर्यतीचा मार्ग वर्तुळासारखा बंद असतो. आरंभरेषेपासून निघून पुन्हां त्याच रेषेवर येण्यास गाडीस जो वेळ लागतो, तो फेरीचा वेळ होय. हा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. इतकी सूक्ष्मता कशाकरितां, अशी शंका येईल. एक उदाहरण घेऊं. दिल्लीजवळील ग्रेटर नोएडा येथें बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्ग बांधण्यांत आला व तेथें २०११, २०१२ आणि २०१३ या तीन वर्षीं फॉर्म्युला वन शर्यती झाल्या. या मार्गाची लांबी ५.१२५ किलोमीटर आहे. ३० ऑक्टोबर २०११ रोजीं झालेल्या पहिल्या शर्यतींत जर्मनीच्या सेबॅस्टियन व्हेटेल यानें सर्वांत जलद फेरी १ मिनिट २७.२४९ सेकंदांत पुरी केली. ५१२५ मीटरांस ८७.२४९ नें भागिलें असतां सरासरी वेग दर सेकंदास सुमारें ५८.७ मीटर, म्हणजे ताशीं सुमारें २११ किलोमीटर येतो. या वेगानें सेकंदाच्या दहाव्या भागांत गाडी जवळजवळ सहा मीटर पुढें जाते. डोळ्याचें पातें लवण्यास लागणाऱ्या वेळापेक्षां कमी वेळाच्या फरकांतही एक गाडी दुसरीच्या संपूर्ण पुढें असूं शकते, हें यावरून ध्यानांत येईल.

परंतु मोजमाप सूक्ष्म असलें म्हणजे तुलना न्याय्य होते असें नाहीं. तराजू कितीही नाजूक असला, तरी एका पारड्यास खालून हात लागत असेल तर त्याचा उपयोग काय?

मार्ग एकच हवा

तुलनेची पहिली अट अशी कीं, मार्ग एकच असावा. ही गोष्ट उघड दिसते. परंतु मोठमोठ्या कारखान्यांच्या विक्रमांतही तिजविषयीं घोटाळा होत असे. जर्मनींतील न्युर्बुर्गरिंगचा जुना उत्तर मार्ग मोटारीच्या परीक्षेकरितां जगप्रसिद्ध आहे. त्याची पूर्ण लांबी २०.८३२ किलोमीटर, परंतु कित्येक वर्षें अनेक विक्रम प्रेक्षकांच्या सज्जाजवळचा एक तुकडा वगळून २०.६ किलोमीटरांवरच मोजले जात. २०२१ च्या जून महिन्यांत पोर्श कंपनीच्या ९११ जीटी२ आरएस या गाडीनें, विशेष सुधारणा केलेल्या स्वरूपांत, पूर्ण मार्ग ६ मिनिटें ४३.३०० सेकंदांत पुरा केला. आणि जुन्या, आंखूड मोजणीनें तोच वेळ ६ मिनिटें ३८.८३५ सेकंद भरला. गाडी एकच, चालक एकच. तरी दोन आंकड्यांत जवळजवळ साडेचार सेकंदांचें अंतर! हे दोन्ही आंकडे खरे आहेत. परंतु एका गाडीचा आंखूड मार्गावरील आंकडा दुसरीच्या पूर्ण मार्गावरील आंकड्याशेजारीं ठेवणारा मनुष्य, खोटें न बोलतांही, असत्य पसरवितो.

मार्ग बदलला कीं श्रेष्ठतेचा क्रमही बदलूं शकतो. सरळ रस्त्यावर इंजिनाच्या शक्तीचें महत्त्व अधिक. वळणावर मात्र टायरांच्या पकडीचें. पदार्थविज्ञानांतील नियम असा कीं, सपाट वळणावर ज्या कमाल वेगानें गाडी न घसरतां जाऊं शकते, त्या वेगाचा वर्ग हा घर्षणांक, गुरुत्वत्वरण व वळणाची त्रिज्या यांच्या गुणाकाराइतका असतो. समजा, वळणाची त्रिज्या ५० मीटर व घर्षणांक १ आहे. गुरुत्वत्वरण ९.८ धरिल्यास गुणाकार ४९० होतो व त्याचें वर्गमूळ सुमारें २२.१, म्हणजे वेग ताशीं सुमारें ८० किलोमीटर. आतां मऊ टायर लावून घर्षणांक १.२ केला, तर गुणाकार ५८८, वर्गमूळ सुमारें २४.२, व वेग ताशीं सुमारें ८७ किलोमीटर होईल. इंजिनास हातही न लावतां अशा प्रत्येक वळणावर ताशीं सात किलोमीटरांहून अधिक लाभ! आमच्या नववीच्या वादाचें उत्तर या चार ओळींच्या गणितांत होतें.

एका वेळीं एकच गोष्ट बदलावी

यावरून दुसरी अट निघते. दोन गाड्यांची तुलना करावयाची असल्यास गाडी तेवढी बदलावी. टायर, इंधनाचें वजन, हवा, रस्त्याचा ओलेपणा व चालकास मिळणारें यांत्रिक साहाय्य हीं सर्व सारखीं ठेवावीं. प्रत्यक्ष मार्गावर हें फार कठीण असतें. सकाळीं थंड असलेलें डांबर दुपारीं तापतें, टायर झिजतात, इंधन जळून गाडी हलकी होते. खेळांत मात्र एकाच प्रकारचे टायर, तीच हवा व तितकेंच इंधन दर फेरीस नव्यानें मिळूं शकतें. या दृष्टीनें पाहतां हा खेळ म्हणजे एक लहानशी प्रयोगशाळाच आहे. मात्र खेळणाऱ्यानें ती प्रयोगशाळेप्रमाणें वापरली पाहिजे.

आतां चालकाचा विचार करूं. चालक एकच ठेविला तरी तो फेरीगणिक शिकत असतो. प्रथम 'अ' गाडी दहा फेऱ्या चालवून नंतर 'ब' गाडी घेतल्यास, 'ब' गाडीस चालकाच्या अंगीं आलेल्या सरावाचा फुकट लाभ मिळतो. यास उपाय सोपा आहे. प्रथम अ, मग ब, पुन्हां ब, मग अ, अशा क्रमानें पाळीपाळीनें फेऱ्या घ्याव्या. म्हणजे सरावाचा लाभ व थकव्याचा तोटा दोघींस सारखा वांटला जातो.

एक फेरी हें प्रमाण नव्हे

चवथी अट सर्वांत अधिक मोडली जाते. मुलें आपली एकच उत्तम फेरी सांगतात व बाकीच्या विसरतात. समजा, दोन गाड्यांच्या पांच पांच फेऱ्यांचे वेळ सेकंदांत पुढीलप्रमाणें आले. हे आंकडे केवळ उदाहरणाकरितां घेतले आहेत.

'अ' गाडी : ९२.४, ९१.८, ९२.९, ९१.६, ९२.३.
'ब' गाडी : ९२.०, ९३.१, ९१.५, ९२.६, ९२.३.

केवळ उत्तम फेरी पाहिली तर 'ब' श्रेष्ठ. कारण तिची एक फेरी ९१.५ सेकंदांची आहे. सरासरी काढली तर 'अ' गाडीची ९२.२ व 'ब' गाडीची ९२.३ येते, म्हणजे 'अ' श्रेष्ठ! मग खरें कोणतें? आणखी एक आंकडा पाहा. 'अ' गाडीच्या सर्वांत जलद व सर्वांत मंद फेऱ्यांत १.३ सेकंदांचें अंतर आहे, व 'ब' गाडीच्या फेऱ्यांत १.६ सेकंदांचें. एकाच गाडीच्या स्वतःच्या फेऱ्यांत जर दीड सेकंदाचा चढउतार होत असेल, तर दोन गाड्यांच्या सरासरींतील एकदशांश सेकंदाच्या फरकास काय किंमत द्यावी? येथें प्रामाणिक उत्तर एकच : "या फेऱ्यांवरून निर्णय होत नाहीं." असें उत्तर देण्यांत कमीपणा नाहीं. उलट, पुरावा अपुरा असतां निर्णय देणें हाच कमीपणा होय.

खेळांतील गाडी व खरी गाडी

कोणी म्हणेल, "हें सारें खेळांतलें, त्याचा खऱ्या जगाशीं काय संबंध?" खेळांतील गाडी म्हणजे गणितानें घडविलेली प्रतिकृति होय. काझुनोरी यामाउची यांचा ग्रान टुरिझ्मो हा प्रसिद्ध खेळ १९९७ सालीं जपानांत निघाला. याच खेळाच्या आधारें घेतलेल्या एका स्पर्धेंतून २०११ सालीं यान मार्डनबरो हा ब्रिटिश तरुण निवडला गेला. आणि २०१३ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत त्याच्या संघास आपल्या वर्गांत तिसरा क्रमांक मिळाला. यावरून प्रतिकृति अगदींच पोकळ नसते, हें दिसतें. तथापि ती प्रतिकृतिच. खेळ रचणाऱ्यानें जितकें सत्य तींत घातलें असेल, तितकेंच तींतून बाहेर निघणार. शिवाय खेळांत गाडी आदळली तर एक कळ दाबून पुन्हां आरंभ करतां येतो. पुणें-सातारा रस्त्यावर ती कळ नाहीं, हें कोणीही विसरूं नये.

पुणेंकरांस या गोष्टीचें एक उदाहरण अगदीं घराजवळ मिळेल. वेताळ टेकडीवर फिरावयास जाणारे लोक तिच्या एका भागास 'एआरएआय टेकडी' म्हणतात. तें नांव ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या १९६६ सालीं स्थापन झालेल्या संस्थेवरून पडलें. नवीन मोटारीच्या जाहिरातींत लिटरमागें अमुक किलोमीटर असा जो आंकडा असतो, तशा आंकड्यांची परीक्षा करणाऱ्या संस्थांपैकीं ही एक प्रमुख संस्था होय. या परीक्षेंत गाडी रस्त्यावर धांवत नाहीं. ती एका जागीं फिरत्या रुळांवर उभी असते. चाकें फिरतात, परंतु गाडी तसूभरही पुढें सरकत नाहीं. रस्त्याचा व वाऱ्याचा जो विरोध गाडीस व्हावयाचा, तो रुळांकडून हिशेबानें दिला जातो. अनेक वर्षें प्रचारांत असलेल्या भारतीय चालनचक्राप्रमाणें ही परीक्षा ११८० सेकंद चालते. पहिल्या ७८० सेकंदांत शहरांतल्याप्रमाणें थांबत-निघत जावयाचें, उरलेल्या ४०० सेकंदांत मोकळ्या रस्त्याप्रमाणें. आणि वेग ताशीं ९० किलोमीटरांच्या वर न्यावयाचा नाहीं. म्हणजे येथेंही मार्ग, वेग व वेळ सर्व गाड्यांस एकच. बदलते ती गाडी. शर्यतीच्या खेळांत आपण जें करावें असें वर सांगितलें, तेंच येथें गंभीरपणें केलें जातें.

पुढें तीच गाडी घेऊन गृहस्थ लक्ष्मी रस्त्यावरील गर्दींत शिरतात, लिटरमागें कमी किलोमीटर मिळतात, आणि ते म्हणतात, "आंकडा खोटा!" आंकडा खोटा नसतो. एकाच परिस्थितींत कोणती गाडी कमी इंधन पिते, या प्रश्नाचें तें उत्तर आहे. माझ्या रस्त्यावर, माझ्या हातीं ती किती पिईल, हा प्रश्नच निराळा. एका प्रश्नाचें उत्तर दुसऱ्या प्रश्नास चिकटविल्यानेंच बहुतेक भांडणें उद्भवतात.

शेवटचा शब्द

हा लेख लिहितांना मला माझी स्वतःची एक चूक वारंवार आठवली. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका चाचणीनंतर मीं दोघां विद्यार्थ्यांचे गुण वर्गासमोर वाचून दाखविले व कमी गुण मिळविणाऱ्यास दुसऱ्याचा कित्ता गिरविण्यास सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं. तो रोज पहाटे उठून घरोघर वर्तमानपत्रें टाकतो व मग शाळेंत येतो, हें मला पुढें दोन महिन्यांनीं कळलें. मार्ग एक होता, घड्याळ एक होतें. परंतु एका गाडीवर किती ओझें लादलेलें आहे, हें मीं विचारिलेंच नव्हतें. मीं त्या मुलाची क्षमा मागितली. वर्गासमोर केलेली चूक वर्गासमोरच कबूल करणें योग्य, म्हणून ती तेथेंच मागितली.

तुलना करूं नये, असें माझें म्हणणें नाहीं. तुलनेवांचून ज्ञान वाढत नाहीं, गाडी सुधारत नाहीं आणि विद्यार्थीही सुधारत नाहीं. परंतु खोट्या तराजूचा व खोट्या वजनांचा पवित्र शास्त्रांत जो निषेध केला आहे, तो केवळ वाण्याच्या दुकानापुरता नाहीं. सेकंद, गुण व टक्के हींही वजनेंच आहेत. आणि तीं हातीं धरणारे आपणच आहों.

त्या दोघां मित्रांनीं पुढें सारखे टायर लावून, पाळीपाळीनें, दोन्ही गाड्यांच्या दहा दहा फेऱ्या घेतल्या व सर्व वेळ वहींत लिहून मजकडे आणिले. फरक इतका थोडा निघाला कीं, निर्णय देतां येईना. दोघेही हंसले, आणि मधल्या सुट्टींत पुन्हां एकत्र डबा खाऊं लागले. कोणती गाडी श्रेष्ठ, तें त्यांस अद्याप ठाऊक नाहीं. परंतु खरें बोलणाऱ्यास खोटा म्हणण्यापूर्वीं काय काय विचारावें, तें त्यांस आतां पक्कें ठाऊक झालें आहे.