संदेशवहनाची साधने : जुनी आणि नवी

परिसर अभ्यासात संदेशवहनाचा पाठ आला म्हणजे बहुतेक वर्गांत एकच दृश्य दिसते. फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ ओढली जाते. डावीकडे दवंडी, जासूद, खलिता, कबूतर. उजवीकडे टपाल, तार, दूरध्वनी, आकाशवाणी, संगणक. मुले दोन्ही बाजू वहीत उतरवून घेतात आणि पाठ संपतो. या मांडणीत मोठी चूक आहे असे नव्हे. परंतु फळ्यावरची रेघ जितकी सरळ असते तितका इतिहास सरळ नाही. तार हा शब्द आपण अजूनही उजवीकडे लिहितो. वस्तुतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झालेली ही सेवा १५ जुलै २०१३ पासून आपल्या देशात बंद झालेली आहे. उलटपक्षी दवंडी संपली असे म्हणावे, तर ध्वनिवर्धक लावलेल्या रिक्षातून ग्रामपंचायतीची सूचना आजही वाड्यावस्त्यांवर फिरताना आढळते. यास्तव बारामती व इंदापूर या तालुक्यांतील शिक्षकांनी हा पाठ पुस्तकातील चित्रांवरून सुरू न करता आपल्या गावच्या चावडीपासून सुरू करावा, हे अधिक बरे.

दवंडी म्हटली की मुलांना गंमत वाटते. हलगी कशी वाजे, 'ऐका हो ऐका' कसे पुकारले जाई, याचा अभिनय वर्गात जरूर करावा. मात्र दवंडी कोण देत असे, हा प्रश्न वगळून पुढे जाऊ नये. गावगाड्यात हे काम वतनदार महाराकडे असे. सरकारी टपाल व वसुलीचा पैसा पुढच्या गावी पोहोचविणे, अंमलदाराची वर्दी देणे, गावात कोणी वारले म्हणजे परगावच्या सोयऱ्यांना सांगावा नेणे, हे सर्व त्याच्याच माथी होते. भर पावसात पाच-सहा कोस तुडवीत गेलेल्या त्या माणसाला निरोप अंगणाबाहेर उभे राहूनच सांगावा लागे. बातमी घरात घेतली जाई, बातमी आणणारा मात्र नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनांच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले, ते या राबणुकीतून सुटका व्हावी म्हणूनच. पुढे कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. पारंपरिक साधनांचे गोडवे गाताना ही बाजू झाकून ठेवणे शिक्षकाला शोभत नाही.

या परिसरातील दुसरे जुने साधन म्हणजे वारीची वाट होय. संत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा नारायण महाराजांनी १६८५ मध्ये सुरू केला. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करीत पालखी नीरा ओलांडते. बेलवाडीचे गोल रिंगण तर या भागातील मुलांनी प्रत्यक्षच पाहिलेले असते. पाऊस कोठे पडला, पेरण्या कोठपर्यंत आल्या, कोणाच्या घरी मुलगी उपवर आहे, या वार्ता अभंगांबरोबरच दिंडीतून पुढे सरकत. कीर्तनाचेही तेच. मोरोपंत (१७२९–१७९४) बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हेकाठी बारामतीत राहिले व तेथेच त्यांनी आपली प्रचंड ग्रंथरचना केली. त्यांच्या हयातीत देवनागरीत मराठी ग्रंथ छापण्याची सोय नव्हती. हस्तलिखित प्रती आणि कीर्तनकारांचे कंठ, एवढ्याच बळावर त्यांची आर्या महाराष्ट्रभर पोहोचली.

आगगाडी व टपाल यांविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. पुण्याहून सोलापूरकडे निघालेला लोहमार्ग १८५८ च्या अखेरीस इंदापूर तालुक्याच्या सीमेवरील डिकसळपर्यंत येऊन ठेपला. दौंड-बारामती हा अरुंद मार्ग १९१४ मध्ये सुरू झाला व पुढे रुंद झाला. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन क्रमांकाची पद्धत आली. येथे एक मौज मुलांना दाखवावी. बारामतीचा ४१३१०२ आणि इंदापूरचा ४१३१०६ हे क्रमांक सोलापूरच्या ४१३ या गटातील आहेत. जिल्हा पुणे, पण टपालाची वाट सोलापूरची! नकाशा आणि दळणवळण ही नेहमीच एकमेकांशी जुळतात असे नाही, हे यावरून मुलांच्या सहज ध्यानी येते.

आता आकाशवाणीकडे वळू. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. त्यानंतर तीन वर्षांच्या आतच या केंद्राच्या आधारे असा एक प्रयोग झाला की ज्याची नोंद जगाने घेतली. परंतु आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र त्याला जागा मिळालेली नाही. १९५६ च्या पूर्वार्धात युनेस्कोच्या साहाय्याने पुण्यासह पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे स्थापन करण्यात आली. आठवड्यातून दोन वेळा गावकरी रेडिओभोवती जमत. शेती, आरोग्य, साक्षरता, ग्रामपंचायतीचा कारभार अशा विषयांवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत. रेडिओ बंद झाल्यावरही कोणी उठून जात नसे. खरे काम तेव्हाच सुरू होई. ऐकलेल्या गोष्टीवर चर्चा होई, आपल्या शिवारात हे जमेल काय याचा खल होई, आणि अडलेले प्रश्न लिहून केंद्राकडे पाठविले जात. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत दिली जात. असे एकूण वीस कार्यक्रम झाले.

प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. मंडळे असलेल्या गावांची तुलना मंडळे नसलेल्या गावांशी करण्यात आली. या दुसऱ्या प्रकारच्या गावांपैकी काहींत रेडिओ होता, काहींत नव्हता. मंडळे असलेल्या गावांतील लोकांचे ज्ञान लक्षणीय वाढले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तशी वाढ दिसली नाही. म्हणजे बदल घडविला तो यंत्राने एकट्याने नव्हे, तर यंत्राभोवती बसून प्रश्न विचारणाऱ्या माणसांनी. पॉल न्यूराथ आणि आकाशवाणीचे तेव्हाचे प्रमुख, हिंदी नाटककार जगदीशचंद्र माथुर यांनी या प्रयोगावर लिहिलेला अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला, आणि पुढे ही योजना देशभर नेण्यात आली.

बारामतीत या प्रयोगाची आठवण व्हावी असे काही पुढेही घडले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईच्या आय.आय.टी.ने 'आक्वा' नावाचे संकेतस्थळ तयार केले. शेतकऱ्याने त्यावर प्रश्न विचारावा आणि बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांनी उत्तर द्यावे, अशी त्याची रचना होती. साधन बदलले, परंतु उलट उत्तराची वाट मोकळी ठेवण्याचे तत्त्व तेच राहिले.

ही वाट बंद झाली की काय होते, याचे उदाहरण सांगणे जिवावर येते. तरीही पाचवीपुढील मुलांना ते सांगावे असे आमचे मत आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे पाच पुरुषांना जमावाने ठार मारले. मुले पळविणाऱ्या टोळ्या आल्या आहेत, अशी अफवा त्या दिवसांत भ्रमणध्वनीवरून सर्वत्र फिरत होती. मारले गेलेले पाचही जण, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेसाठी गावोगाव हिंडणारे होते. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारण्यात आले. ज्या भटक्या माणसांच्या मुखाने पिढ्यान्‌पिढ्या कथा आणि वार्ता गावांत येत, त्यांनाच एका खोट्या वार्तेने गाठले. दवंडीवाला निदान चावडीचा माणूस असे. निरोप कोणाचा, हे त्याला विचारता येत असे. राईनपाड्याच्या त्या संदेशाला धनीच नव्हता.

तेव्हा पाठाच्या शेवटी स्वाध्याय म्हणून मुलांना घरच्या भ्रमणध्वनीवर आलेला कोणताही एक संदेश आणावयास सांगावे. तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला, पाठविणाऱ्याने स्वतः पाहिले की ऐकले, आणि खरेखोटे विचारावयाचे तर कोणाला, हे चार प्रश्न फळ्यावर लिहावेत. पुष्कळ संदेश पहिल्याच प्रश्नाला अडतील, अडू द्यावेत.

दुसरा उपक्रम साखर कारखान्यांच्या परिसरातील शाळांसाठी आहे. गळिताच्या हंगामात बीड व अन्य जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगारांची मुले आपल्या वर्गांत काही महिने बसतात आणि पट्टा पडला की एके दिवशी दिसेनाशी होतात. ती जाण्यापूर्वी त्यांच्या मूळ शाळेचा पत्ता पिन क्रमांकासह वर्गातील मुलांनीच त्यांना विचारून लिहून घ्यावा. नंतर प्रत्येकास एक पोस्टकार्ड लिहावे, त्यात एक तरी प्रश्न असावा, आणि स्वतःच्या शाळेचा पत्ता स्वच्छ अक्षरांत घालण्यास विसरू नये. उत्तर आल्यास ते वर्गात सर्वांसमोर वाचावे. न आल्यास पंधरा दिवसांनी दुसरे कार्ड टाकावे.