कुष्ठरोग, रोग्याचे गुपित व मंडळीचे कर्तव्य

(वाचावयाचे शास्त्रभाग : लेवीय 13:1-8, 2 राजे 5:1-4, मार्क 1:40-45)

कुष्ठरोगाचा विषय निघाला म्हणजे आपल्या खेड्यांतील पुष्कळ लोक म्हणतात की, तो रोग देशातून केव्हाच गेला. हा समज खरा नाही. 2005 सालाच्या अखेरीस आपल्या देशात या रोगाचे प्रमाण दर 10,000 लोकांमागे एका रोग्याहून कमी झाले, व तसे सरकारने जाहीर केले. ते ऐकून रोगच संपला असे लोकांनी मानले. परंतु 2023 साली सर्व जगात जे सुमारे 1 लक्ष 82 हजार नवे रोगी नोंदले गेले, त्यांपैकी निम्म्याहून अधिक भारतातील होते. महाराष्ट्रातही चंद्रपूर, गडचिरोली, पालघर इत्यादी जिल्ह्यांत नवे रोगी आढळत असतात.

या रोगावर औषध आहे, ते फुकट मिळते, आणि त्याने रोग पूर्ण बरा होतो. असे असता पुष्कळ रोगी बोटे वाकडी झाल्यावर किंवा तळपायास व्रण पडल्यावरच दवाखान्यात का येतात? याचे एक मोठे कारण भय होय. आणि ते भय रोगाचे नसून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तोंडाचे असते. म्हणून या आठवड्यात आपण दोन गोष्टींचा अभ्यास करू : हा रोग काय आहे, आणि रोग्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट मंडळीने कशी सांभाळावी.

1. रोगाची ओळख

हा रोग एका अतिसूक्ष्म जंतूपासून होतो. नॉर्वे देशातील बर्गेन शहरी डॉक्टर हान्सेन यांनी 1873 साली तो जंतू शोधून काढला. औषध न घेतलेल्या रोग्याच्या नाकातोंडातून निघणाऱ्या सूक्ष्म तुषारांतून, दीर्घकाळच्या निकट सहवासाने, हा जंतू दुसऱ्याच्या शरीरात जातो. हात मिळवल्याने, एका सतरंजीवर बसल्याने किंवा एका पंक्तीस जेवल्याने हा रोग लागत नाही. बहुतेक मनुष्यांच्या अंगी त्याचा प्रतिकार करण्याची शक्ती जन्मतःच असते. जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः पाच वर्षे लोटतात, कधी वीस वर्षेही लागतात. यास्तव अमक्याने अमक्याला रोग दिला असा आरोप गावात करणे व्यर्थ होय.

लक्षणे ध्यानात ठेवावी. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा पडतो. त्याला खाज नसते, तो दुखत नाही, व त्यावर स्पर्श, ऊन वा थंड कळत नाही. कधी चट्टा नसताही हातापायांस बधिरता येते, पायातून चप्पल गळून पडलेली कळत नाही, कानाच्या पाळ्या जाड होतात, भुवयांचे केस झडतात, किंवा डोळ्याची पापणी पूर्ण मिटत नाही. पांढरे कोड हा निराळा विकार आहे. त्यात कातडी पांढरी होते, पण स्पर्श कळतो, आणि कोड कोणाला लागत नाही. या दोहोंची गल्लत करून कित्येक निर्दोष मुलींची लग्ने मोडली आहेत.

2. औषध व काळजी

1940 नंतरच्या काळात डॅप्सोन हे औषध आले. पुढे त्या एकट्या औषधाला जंतू दाद देईनासा झाला. तेव्हा 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सांगितली. चट्टे पाचापर्यंत असतील तर सहसा सहा महिने, अधिक असतील तर बारा महिने औषध घ्यावे लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते मिळते, आणि ते सुरू झाल्यावर लवकरच रोग्यापासून दुसऱ्यास लागण होण्याचे भय उरत नाही.

या औषधांविषयी दोन गोष्टी रोग्यास आधीच सांगाव्या. एका औषधाने लघवी लाल होते; ते रक्त नव्हे. दुसऱ्याने कातडी काळसर पडते. औषध संपल्यावर काही महिन्यांनी ती हळूहळू पूर्ववत होते. हे ठाऊक नसल्यामुळे, किंवा “तू काळवंडलास का?” असे गावाने विचारल्यामुळे, कित्येक जण मध्येच औषध टाकून देतात. औषध चालू असता चट्टे लाल होऊन सुजले, नसा दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर औषध बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. विलंब केल्यास हात, पाय वा दृष्टी जाते.

बोटे झडतात ती जंतूने खाल्ल्यामुळे नव्हे. बधिर हाताला चटका व जखम कळत नाही, ती चिघळते, आणि त्यातून हाड झिजते. म्हणून बधिर हाताने चुलीवरचे भांडे उतरवू नये, सांडशी किंवा जाड फडके घ्यावे. रोज संध्याकाळी तळपाय पाहावे, पाण्यात भिजवावे व तेल लावावे. मऊ तळाची पादत्राणे घातल्याशिवाय शेतात जाऊ नये.

3. शास्त्रातील महारोग

लेवीयाच्या तेराव्या व चौदाव्या अध्यायांत ज्या विकाराविषयी नियम आहेत, तो आजचा कुष्ठरोगच होता असे समजू नये. तेथे वस्त्रावर व घराच्या भिंतीवरही तोच विकार पडतो असे सांगितले आहे. मूळ इब्री शब्दात कातडीचे व बुरशीचे अनेक प्रकार येतात. तेव्हा त्या नियमांचा आधार घेऊन आज कोणाला छावणीबाहेर काढणे योग्य नाही. परंतु याजकाची रीत पाहा : तो चट्टा स्वतः तपासतो, संशय असल्यास सात दिवस थांबतो, पुन्हा तपासतो, आणि मगच बोलतो. पाणवठ्यावर उभे राहून एका दृष्टिक्षेपात निर्णय देणाऱ्यांनी ही रीत शिकावी.

आता मार्काचा भाग पाहा. प्रभूने रोग्यास स्पर्श केला, शुद्ध केले, आणि ही गोष्ट कोणास सांगू नको, केवळ याजकास जाऊन दाखव, अशी ताकीद दिली. प्रभूच्या त्या आज्ञेचा मुख्य हेतू निराळा असेल. तथापि त्यात आम्हांसाठी एक व्यवस्था दिसते. ज्याला तपासण्याचा अधिकार आहे त्याला दाखवावे, इतरांस सांगण्याची गरज नाही. नामानाच्या घरातील लहान दासीनेही असेच केले. तिला धन्याचा रोग ठाऊक होता. तिने त्याची वार्ता गावभर न करता बरे होण्याची वाट आपल्या धनिणीस सांगितली. प्रत्येक उपदेशकाने त्या मुलीचा कित्ता गिरवावा.

4. मागील काळची रीत

औषध नव्हते तेव्हा रोग्यास वेगळे ठेवणे हाच उपाय समजला जाई. 1898 च्या कायद्याने निराधार रोग्यांस पकडून आश्रमात ठेवता येत असे. तो कायदा 2016 साली रद्द झाला. 1874 साली वेल्स्ली बेली यांनी कुष्ठरोग्यांसाठी मिशन स्थापिले, आणि ज्यांस कोणी थारा देत नसे त्यांस मिशनच्या आश्रमांत अन्न, मलमपट्टी व प्रभूचे नाव मिळाले. त्या सेवेबद्दल आम्ही देवाचे उपकार मानतो. तरी त्याच आश्रमांत नवरा-बायकोस वेगळे ठेवीत व निरोगी मुलांस आईपासून दूर वाढवीत, हेही सत्य आहे. त्या काळच्या ज्ञानाने ते योग्य वाटले. आजच्या ज्ञानाने त्यास आधार नाही. ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या 1869 च्या घटस्फोट कायद्यातही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. 2019 साली संसदेने ते काढून टाकले. सरकारने जो दोर कापला तो मंडळीने पुन्हा बांधू नये.

5. गुपित कोणाचे?

आता मुख्य प्रश्न. समजा, एका बापाने उपदेशकास एकांतात आपला चट्टा दाखविला, आणि “कोणास सांगू नका” अशी विनंती केली. घरात लहान लेकरे आहेत. उपदेशकाने काय करावे?

कोणी म्हणतात, लेकरांचे रक्षण हे मोठे कर्तव्य आहे, म्हणून नाव उघड करावे. या म्हणण्यात वजन आहे. आज घरच्यांस व शेजाऱ्यांस तपासून रिफाम्पिसिन या औषधाची एकच मात्रा देण्याची सोय आहे. तिने रोग होण्याचा संभव कमी होतो, आणि ती देताना रोग्याचे नाव कळण्याचा संभव असतो. दुसरे म्हणतात, शरीर त्याचे, नावही त्याचे. त्याच्या संमतीवाचून ते कोणी घेऊ नये.

आमचे मत असे आहे. नाव फोडल्याने एक घर कदाचित लवकर तपासले जाईल. पण ती गोष्ट ऐकणारे त्याच गावातील पुढचे रोगी आपला चट्टा कायमचा झाकतील, आणि औषधावाचून वर्षानुवर्षे दुसऱ्यांस लागण देत राहतील. म्हणून गुपित राखणे हेच लेकरांचेही रक्षण होय. तथापि गुपित राखून स्वस्थ बसणे हे पाप आहे. उपदेशकाने त्या बापाबरोबर स्वतः दवाखान्यात जावे. लेकरांच्या तपासणीविषयी त्याच्याशी पुन्हा पुन्हा प्रेमाने बोलावे, व तो हो म्हणेल तेव्हाच आशाताईस अथवा डॉक्टरांस सांगावे. तेही गुपित राखण्यास बांधलेले आहेत. तो तयार नसेल तर सर्व वस्तीची तपासणी करावी अशी आरोग्य केंद्रास विनंती करावी. सर्वांची तपासणी झाली म्हणजे एकाकडे बोट दाखविले जात नाही.

प्रार्थनेविषयी विशेष सूचना करणे अवश्य आहे. “आपल्या अमक्या बंधूस महारोग झाला आहे, त्यासाठी प्रार्थना करू या,” असे उपासनेत उच्चारणे ही चहाडीच होय, ती डोळे मिटून केली म्हणून पवित्र होत नाही. देवाला नाव ठाऊक आहे.

प्रभुभोजनात एकट्या रोग्यास वेगळा प्याला देऊ नये. सर्वांसाठी लहान प्याले असतील तर तसे चालू द्यावे. एकच प्याला असेल तर तोच त्यालाही द्यावा. लग्नाच्या बाबतीत बरा झालेला मनुष्य लग्नास अपात्र नाही. आपल्या जोडीदारास सत्य सांगणे त्याला उचित आहे. पण ते त्याने स्वतः सांगावे, तिसऱ्याने दोन्ही घरी पत्रे धाडू नयेत.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

(1) कुष्ठरोगाचा चट्टा व पांढरे कोड यांत भेद कसा ओळखाल?
(2) नामानाच्या दासीने काय सांगितले, आणि कोणास सांगितले?
(3) योहान 9:1-3 वाचा. रोग हे पापाचे फळ आहे असे म्हणणाऱ्यास तुम्ही काय उत्तर द्याल?
(4) आपल्या मंडळीत एखाद्याने आपला चट्टा दाखविला, तर तो पुढील रविवारी निर्भयपणे उपासनेस येईल काय? नसेल तर त्यास कारण कोण?

हा चौथा प्रश्न पंचांनी व उपदेशकांनी एकत्र बसून सोडवावा. ज्या मंडळीत मनुष्य आपला बधिर हात निर्भयपणे पुढे करू शकतो, तेथे तो हात बहुधा वेळेवर वाचतो. प्रभू आपणां सर्वांस असा हात धरण्यास प्रीती आणि जीभ आवरण्यास कृपा देवो.