अवधानन्यूनता-अतिचंचलता विकार : बालकांतील व प्रौढांतील निदान

‘अभ्यासात लक्ष नाही, एका जागी बसत नाही, बुद्धीचे एखादे टॉनिक द्या,’ ही पालकांची मागणी चिकित्सालयात व औषधांच्या दुकानात नित्याचीच आहे. अशा बालकांपैकी काहींना अवधानन्यूनता-अतिचंचलता विकार (एडीएचडी) असतो, सर्वांना नव्हे. म्हणून औषधापूर्वी निदानाचा विचार अगत्याचा आहे.

चरकसंहितेत (सूत्रस्थान, अध्याय २०) ८० वातविकारांत ‘अनवस्थितचित्तत्व’ सांगितले आहे. लक्षणसाम्य असले, तरी तेवढ्यावरून दोन्ही एकच मानणे योग्य नव्हे.

निकष : रक्तपरीक्षा किंवा मेंदूचे चित्रण यांनी हे निदान ठरत नाही. डीएसएम-५ (२०१३) नुसार अनवधानाची ९ आणि अतिचंचलता-आवेगाची ९ लक्षणे आहेत. कोणत्याही एका गटातील किमान ६ लक्षणे (१७ वर्षे व त्यापुढे ५) वयाच्या मानाने अधिक प्रमाणात व ६ महिने टिकून असावीत. त्यांपैकी काही १२ वर्षांच्या आत दिसलेली असावीत. घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळावीत आणि त्यांमुळे दैनंदिन व्यवहारास बाधा यावी. अपरिचित चिकित्सालयात चंचल बालकही शांत बसते. म्हणून दर्शन-स्पर्शनापेक्षा येथे प्रश्नपरीक्षा निर्णायक ठरते. केवळ अनवधान असलेली, विशेषतः शांत स्वभावाची मुलगी सहज नजरेतून सुटते.

व्यवच्छेदक निदान : श्रवणदोष, दृष्टिदोष, पांडुरोग, टॉन्सिल वाढल्याने होणारा निद्राभंग, क्षणिक भान हरपणारा अपस्मार, अध्ययन-अक्षमता, बौद्धिक मंदता व घरातील भयग्रस्त वातावरण यांचा विचार करावा. हिंगोली जिल्ह्यात आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : बालक वर्षातून किती महिने शाळेत होते? ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातील मूल परतते, तेव्हा धडे पुढे गेलेले असतात. न समजणाऱ्या पाठाकडे त्याचे लक्ष लागत नाही, आणि सलग ६ महिने त्याला पाहिलेला शिक्षकही मिळत नाही. खेळात, घरकामात व सांगितलेला निरोप पोहोचविण्यात त्याचे लक्ष टिकत असेल, तर दोष मुलाचा नसून खंडित शिक्षणाचा असण्याचा संभव अधिक.

प्रौढांत : बाह्य चंचलता ओसरून अंतर्गत अस्वस्थता, विसराळूपणा व अपुरी राहिलेली कामे दिसतात. आई-वडिलांकडून बालपणाचा वृत्तांत घ्यावा, जुनी प्रगतिपुस्तके पाहावीत. तिशीत प्रथमच उद्भवलेले अनवधान असल्यास चिंताविकार, अवसाद, मद्यपान व थायरॉइडचे विकार आधी तपासावेत.

आपले कर्तव्य : २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकांत आयुष वैद्यकांचाच समावेश असतो, अंगणवाडी व शाळेतील तपासणी त्यांच्या हातून होते. संशय आल्यास शिक्षकाचे लेखी निरीक्षण जोडून बालकास जिल्हा रुग्णालयामार्फत बालरोगतज्ज्ञ वा मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. औषधविक्रेत्यांनीही केवळ पालकांच्या सांगण्यावरून ब्राह्मी-शंखपुष्पीची बाटली देण्याऐवजी प्रथम तपासणीचा सल्ला द्यावा. बाटली संपेपर्यंतचे महिने बालकाच्या शिक्षणातूनच वजा होतात.