मुलगा वेगळं कुटुंब, मुलगी का नाही?

प्रश्न : आमचे नातेवाईक धार जिल्ह्यातल्या निसरपूरचे. सरदार सरोवराच्या डुबीत त्यांचं गाव गेलं. पुनर्वसनात सज्ञान मुलाला वेगळं कुटुंब धरलं, सज्ञान मुलीला नाही. हा भेदभाव नियमातच होता की अधिकाऱ्यांनी केला? ओरड झाली की यंत्रणा बदलते का?
– एक वाचक, शहादा

उत्तर : नियमातच होता. नर्मदा जलविवाद लवादाचा अंतिम आदेश, म्हणजेच निवाडा, डिसेंबर १९७९चा. त्यात कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अज्ञान मुलं आणि कुटुंबप्रमुखावर अवलंबून असलेली माणसं. अवलंबून कोण, याचं उदाहरण दिलंय विधवा आईचं! सज्ञान मुलगा मात्र स्वतंत्र कुटुंब. सज्ञान मुलीबद्दल अवाक्षर नाही. कुटुंब म्हणून नाव लागलं की घरासाठी ६० बाय ९० फुटांचा भूखंड. खातेदाराची पाव हिश्शाहून जास्त जमीन बुडत असेल, तर किमान २ हेक्टर ओलिताची जमीन. पंचविशीतली बिनलग्नाची बहीण बापाच्या नावाखाली, तिचा धाकटा सज्ञान भाऊ मात्र वेगळा लाभार्थी.

‘निवाड्यात नाही’ हे साहेबांचं हुकमी उत्तर. पण निवाडा ही किमान मर्यादा होती. जास्त द्यायला कुणी हात धरला नव्हता. महाराष्ट्राने अक्कलकुवा-अक्राणीच्या विस्थापितांसाठी सज्ञान अविवाहित मुलींनाही १ हेक्टर जमिनीचा हक्क दिला. धरण तेच, निवाडाही तोच. तुमच्या नातेवाइकांच्या मध्य प्रदेशाने मात्र मुलांच्या जमिनीलाही खळखळ केली. त्यांना जमीन द्याच, हे सर्वोच्च न्यायालयाला मार्च २००५मध्ये सांगावं लागलं. तिथे मुलींना कोण विचारतो?

ओरड वाढली की यंत्रणा पैसा सोडते, व्याख्या सोडत नाही, असं माझं मत. फेब्रुवारी २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमीन न मिळालेल्या ६८१ कुटुंबांना प्रत्येकी ६० लाख रुपये द्यायला सांगितलं. रक्कम घसघशीत, पण कुटुंब कुणाला म्हणायचं ते १९७९चंच.

व्याख्या सुधारली ती नव्या कायद्यात, पुढच्यांसाठी. २०१३चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४पासून लागू झाला. त्यात सज्ञान व्यक्ती, स्त्री असो वा पुरुष, स्वतंत्र कुटुंब. विधवा, घटस्फोटित आणि टाकून दिलेल्या बायकाही. निसरपूर बुडालं २०१९मध्ये, म्हणजे हा कायदा येऊन पाच वर्षं झाल्यावर. सरदार सरोवराचं पुनर्वसन मात्र जुन्या निवाड्यावरच चाललं.

बुडितातल्या भिल्ल-भिलाला आदिवासी मुलींची गोष्ट आणखी अवघड. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, त्यामुळे २००५च्या दुरुस्तीने लेकींना मिळालेला समान वाटा त्यांच्या दारापर्यंत आलाच नाही. रूढीचा आधार दाखवा, असं त्यांनाच सांगितलं जाई. जुलै २०२५मध्ये एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे उलटं फिरवलं : लेकींना वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसेल, तर त्यांना वाटा नाकारणं हा भेदभावच. तोही त्या लेकीला नाही, तर कोर्टाची पायरी चढलेल्या तिच्या वारसांना मिळालेला न्याय.

तेव्हा तुमच्या भागात रस्त्यासाठी, कालव्यासाठी मोजणी आली, तर कुटुंबांची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचायला लावा. घरातल्या प्रत्येक सज्ञान लेकीचं नाव वेगळ्या ओळीत लावून घ्या आणि हरकत लेखी देऊन पोच घ्या.