*टोमॅटो-मिरचीच्या रोपांना जाळी पेरणीच्या दिवशीच*



खरीप टोमॅटो आणि मिरचीचं बी टाकायची घाई सगळीकडे सुरू आहे. बी टाकण्याआधी एवढा मेसेज वाचून घ्या.

मिरचीचा बोकड्या (चुरडा-मुरडा) आणि टोमॅटोची पानं वळणारा पर्णगुच्छ विषाणू, दोन्ही पांढरी माशी पसरवते. विषाणू एकदा झाडात शिरला की त्यावर औषध नाही. कोणी कितीही महागडी बाटली दाखवली तरी नाही. त्यातही अडचण अशी की रोप गादीवाफ्यावर असताना विषाणू आला, तर लक्षणं दिसायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर आपण तेच रोप हिरवंगार समजून शेतात लावलेलं असतं. मल्चिंग, ठिबक, बांबू, तार, सगळा खर्च आजारी रोपावर होतो. म्हणून हाताशी थोडेच पैसे असतील तर ते आधी वाफ्यावरच्या २५-३० दिवसांवर घाला.

*जाळी कोणती?* पांढरी नायलॉन कीटकरोधक जाळी, ४० ते ५० मेशची. हिरवी शेडनेट चालत नाही. शेडनेट ऊन अडवते, पांढऱ्या माशीला मात्र ते उघडं दार आहे. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. जाळीवर पट्टी ठेवून मोबाईलने जवळून फोटो काढा, मोठा करा आणि अर्ध्या इंचातली छिद्रं मोजा. २० च्या आसपास भरली तर ती ४० मेश.

*किती लागेल?* वाफा १ मीटर रुंद, १५ सेंमी उंच, ३ मीटर लांब धरू. बांबूच्या दोन-दोन मीटरच्या कामट्या वाकवून दर मीटरला एक कमान रोवा. मधली उंची अर्धा मीटर मिळते. जाळी साडेचार मीटर लांब आणि सव्वादोन ते अडीच मीटर रुंद घ्या, म्हणजे चारी कडा मातीत दाबता येतात. कामट्या नसतील तर ठिबकच्या जुन्या नळीत जाड तार घालून कमान करा. लोखंडी सांगाड्याची काही गरज नाही.

बी टाकलं की त्याच दिवशी जाळी. माशी दिसल्यावर टाकलेली जाळी माशीला आतच कोंडते. पाणी झारीने जाळीवरूनच द्या. खुरपणीला उघडायची झाली तर भल्या सकाळी, गारव्यात उघडा, तेव्हा माशी सुस्त असते. वाफा जुन्या टोमॅटो-मिरची-वांग्याच्या प्लॉटशेजारी नको. आत एक छोटा पिवळा चिकट सापळा टांगा, जाळी कुठे फाटली तर तो लगेच सांगतो. फुलकिडे मात्र बारीक असतात, ४० मेशमधूनही काही शिरतात. त्यामुळे पानं उलटून बघायची सवय मोडू नका. गरज वाटली तर ५ टक्के निंबोळी अर्क फवारा.

*पावसाचं काय?* मुसळधार पावसात बी वाहून जातं, आणि पाणी साचलं की रोपं बुंध्याशी कुजून कोलमडतात. त्यासाठी त्याच कमानींवर पारदर्शक प्लास्टिक टाका, पण फक्त पाऊस असेपर्यंत. दोन्ही टोकं उघडी ठेवा आणि उघाड पडली की लगेच काढा. ऊन पडल्यावर प्लास्टिक तसंच राहिलं तर आत वाफ कोंडते, मर वाढते. आळस इथेच नडतो. जुनी साडी सावलीला ठीक, पावसात ती पाणी धरून रोपांवर बसते.

मर टाळायची तर बी दाट टाकू नका. १० सेंमीवर ओळी पाडा. चांगल्या कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून वाफ्यात द्या. तरीही रोपं कोलमडू लागली तर कॉपर ऑक्सिक्लोराईड ३० ग्रॅम १० लिटर पाण्यात घेऊन आळवणी करा. मात्र ट्रायकोडर्मा आणि हे औषध एकाच वेळी देऊ नका, दिलेलं ट्रायकोडर्मा वाया जातं.

लागवडीआधी चार-पाच दिवस पाणी कमी करत न्या, म्हणजे रोपं काटक होतात. जाळी मात्र लागवडीच्या दिवशीच काढा. नंतर ती धुऊन, वाळवून सावलीत ठेवा, पुढच्या हंगामाला तीच वापरता येते.

रोपं विकत घेणारे सभासद: नर्सरीत जाऊन जाळी बघा, दार एकच की दुहेरी ते बघा, आणि पाच-दहा रोपांची पानं उलटून बघा. पांढरं काही उडालं तर ती रोपं घेऊ नका, आगाऊ रक्कम दिली असली तरी.

जाळी एकत्र मागवली तर सगळ्यांनाच स्वस्त पडेल. किती मीटर हवी ते आपलं नाव आणि गाव लिहून याच नंबरवर कळवा. वाफ्यावर काही शंका आली तर पानाच्या खालच्या बाजूचा फोटो पाठवा, वरच्या बाजूवरून काही कळत नाही.