अ‍ॅल्युमिनियमची चमक आणि माझी चूक



आमच्या घरी वडिलांची जुनी येझदी आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात अशा मोटारसायकली १९९६ पर्यंत बनत होत्या. इंजिनाच्या दोन्ही बाजूंची कव्हरे अ‍ॅल्युमिनियमची. एके काळी त्यांत तोंड दिसे. पुढे ती राखाडी पडली. एका सुट्टीत मी ती उतरवून कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाकली. वाटले, मळ झटकन निघेल. पाण्याला फेस आला, कव्हरे काळी पडली, एकावर खड्डेही पडले. वडील काहीच बोलले नाहीत, त्याचेच जास्त वाईट वाटले.

असे का झाले? हवेतील ऑक्सिजनमुळे अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर बसतो. तो मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ असतो, पण आतल्या धातूचे रक्षण करतो. कॉस्टिक सोडा आधी हा थर आणि मग धातूच खातो. फेस येतो तो हायड्रोजन वायूचा, आणि हा वायू पेट घेतो.

योग्य रीत मला पुढे एका मिस्त्रींनी शिकवली. जुन्या मोटारीच्या इंजिनालाही तीच लागू पडते.

१. इंजिन थंड असताना तेल काढून कव्हर उतरवावे. आधी डिझेलने, मग साबणाच्या पाण्याने धुवावे. जवळ आग नको.

२. पाण्याच्या पॉलिश पेपरने घासावे. क्रम ४००, ६००, १०००, १५००, २०००. प्रत्येक नंबरला दिशा बदलावी, एकदा उभे, एकदा आडवे. मागचे ओरखडे गेल्याशिवाय पुढचा पेपर घेऊ नये.

३. इंजिनाला टेकणारी कडा मुळीच घासू नये. ती सपाट राहिली नाही तर तेल गळते.

४. शेवटी मऊ सुती फडक्याने धातूचे पॉलिश लावावे.

कोरडे घासू नये. अ‍ॅल्युमिनियमची बारीक भुकटी श्वासात जाते आणि ठिणगीने पेटते. फटाक्यांत हीच भुकटी वापरतात.

एका कव्हराला मला तीन संध्याकाळी लागल्या. चमक आली, पण खोल खड्डे आजही दिसतात. ४०० वरून एकदम २००० वर उडी मारली तर ओरखडे राहतातच. पाढे सोडून बीजगणिताकडे धावणाऱ्याचेही तसेच होते.

पालकांना विनंती, मुलांना हे काम जरूर शिकवा, पण स्वतः जवळ बसून. कॉस्टिक सोडा मात्र त्यांच्या हाती देऊ नका.